चौदावा नंबर

आमचा नंबर सातवा होता.
प्रोजेक्टर रुसला, यादी उलटीपालटी झाली, आम्ही चौदावे झालो.
निळ्या टबातल्या बर्फाला मात्र
हे कुणी कळवलं नाही.

पहाटे आणला होता तो,
तार्तूच्या बाजारातल्या मासळीवालीकडून,
जुन्या ब्लँकेटात गुंडाळून, काद्रीच्या मांडीवर.
बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मासा कुठाय?"
एप्रिल होता. सरोवर केव्हाच फुटलं होतं.

दोन दिवस, दोन रात्री,
जुन्या यंत्रकारखान्याच्या हॉलमध्ये
आम्ही एवढंच केलं:
एक लाकडी दांडा, त्याच्या टोकाला मायक्रोफोन.
बर्फावर ठोकायचं, आणि फोनने ऐकून सांगायचं
चालू का, थांबू का.
हिरवा, पिवळा, लाल.
लाल दिवा मी सगळ्यात शेवटी जोडला,
बोट भाजून घेतलं त्यापायी,
आणि खरं सांगायचं तर
तो लागायची वेळ येईल असं मनातही नव्हतं.

आवाज येवलाम्पीमामाचे.
इंद्रेकचा मामा, पेइप्सीच्या काठी, वार्न्यात.
गेल्या मार्चमध्ये आमच्यासाठी त्याने चारशे बारा वेळा ठोकलं,
दर ठोक्याला दाढीतल्या दाढीत:
"धरेल."
"धरेल."
"इथे मांजर चालेल, तू नाही."
आम्ही सगळं फायलींत भरलं.
मांजराचा वर्ग वेगळा ठेवला.

रात्री तीनला काद्री जिन्यात तालीम करत होती.
तीन मिनिटं अकरा सेकंद.
पुन्हा. तीन मिनिटं अकरा सेकंद.
परीक्षक तिसऱ्या मिनिटाला घंटा वाजवतात, दया करत नाहीत.
इंद्रेक म्हणाला, मामाच्या भावाचं काढ.
एकच वाक्य होतं: घसरगाडी, डिसेंबर, सकाळ,
आणि काठावर थांबलेला कुत्रा.
ते काढलं.
तीन मिनिटं बरोबर बसली.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मग आमचं नाव पुकारलं.
मी टब उचलून टेबलावर ठेवला, आणि आत काहीतरी डुचमळलं.
पडद्यावर स्लाइड होती, रात्रीच केलेली,
मोठा हिरवा ठिपका, खाली लिहिलेलं: सुरक्षित.
इंद्रेकने ठोकलं.
लाल.
पुन्हा ठोकलं.
लाल.
त्याचा कान तापला होता, मला शेजारून दिसत होता.
मी वायर हलवली. वायर शहाणी होती.

काद्रीने पडद्याकडे पाहिलं. टबाकडे पाहिलं.
पाठ केलेली सगळी वाक्यं
तिच्या तोंडात होती, एकही बाहेर आलं नाही.
मग तिने बर्फावर तळहात ठेवून हलकेच दाबला.
लादी करकरली, मधोमध वाकली,
तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात.
"बरोबर सांगतोय," ती म्हणाली.
"स्लाइड चुकलीये."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं.
घंटेला वेळ होता.
त्या वेळात तिने कुत्र्याचं वाक्य म्हटलं.

बँकेतल्या परीक्षक बाईंनी विचारलं,
"ग्राहक वर्षातून तीनच महिने?"
इंद्रेक म्हणाला, "जगले तर दरवर्षी तीन."

बक्षीस पार्किंगच्या अ‍ॅपला मिळालं.
छान होतं ते, मी स्वतः वापरेन.
आम्हाला मोजे मिळाले, प्रायोजकाचं नाव विणलेले.

रात्री मामाला फोन लावला.
"काय झालं?"
"लाल लागला, मामा. सगळ्यांसमोर."
पलीकडे चुलीवर काहीतरी उकळत होतं.
"किती जाड होता?"
"चार बोटं. खालून पोकळ."
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
"मांजरही नाही."
आणि फोन ठेवला.

मेहनतीवर पाणी पडलं, असं म्हणतात.
मी टब घेऊन अंगणात आलो, ते पाणी
भिंतीलगतच्या मातीत ओतलं.
तळाशी एक तुकडा उरला होता, नखाएवढा.
सवयीने त्याच्यावर दांडा ठोकून पाहिला.