सोडत

अकराशे बेचाळीस चिठ्ठ्या मीच लिहिल्या,
मतदारयादी पुढ्यात ठेवून,
तीन रात्री, ग्रामपंचायतीच्या फडफडत्या ट्यूबलाइटखाली.
गावातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव
पहिल्यांदाच माझ्या हातातून गेलं.
चिंधाबाईचं कागदावरचं नाव राजकन्या आहे,
हे बावीस वर्षं क्लार्क असूनही मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वेळचं इलेक्शन लिंबगव्हाणला अजून ठणकतं.
दोन पॅनल, दोन टेम्पो, दोन शेतांत बोकडं,
रात्री पाकिटं, पहाटे फुटलेली डोकी,
आणि चार मतांनी पडलेला पुतण्या
सख्ख्या चुलत्याच्या तेराव्याला आला नाही.

तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात जिलानी टेलर बोलले,
तोंडातली सुई काढून:
"पद बाईला की गड्याला, कोणत्या जातीला,
हे तालुक्याला चिठ्ठी काढूनच ठरवतेत ना?
मंग आर्धीच चिठ्ठी कामून?
पुरी काढा की."
लोक हसले.
मग हळूहळू हसायचे थांबले.

ठरलं असं : नाव निघेल त्यानंच अर्ज भरायचा,
बाकीच्यांनी घरी बसायचं.
सरकारला नुसतं 'बिनविरोध' दिसेल.
यंदा पद खुलं होतं, तेवढी सोय झाली.

डबा खारीचा, पत्र्याचा, बेकरीतून मागून आणलेला.
तिसरीतली आफरीन, डोळ्यांवर गुरुजींचा रुमाल.

पहिलं नाव : नागोराव सटवाजी ढगे.
सगळे गप्प.
नागोराव जाऊन सात वर्षं झाली.
"मेल्यावर दोनदा मत टाकलंय त्यानं,"
मागून कोणीतरी, "आता सरपंचबी होऊ द्या."

दुसरं नाव चाकणला, कंपनीत.
फोन लावला. रजा मिळत नाही म्हणाला,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

तिसरं : समिंद्रा किसन खिल्लारे.
ती टाकीवर होती, नळाचा वॉल सोडत.
आली ती हातात पाना घेऊनच.
"मव्हं नाव कुणी टाकलं?"
"सगळ्यांचंच टाकलंय."
"आन् पाणी कोण सोडील?"
याचा विचार कोणीच केला नव्हता.

कुठल्या आळीला किती मिनिटं पाणी,
कोणाच्या घरात पाइपाला चोरून मोटर,
हे तिला जमिनीला कान न लावता कळायचं.
पहिल्या बैठकीत तिनं सात नावं घेतली.
चौथं माझ्या भावाचं होतं.

सगळं गोड झालं असं नाही.
रस्त्याच्या बिलावर तिनं न वाचता सही केली,
पहिल्याच पावसाळ्यात खडी उघडी पडली.
"चिठ्ठीचा सरपंच, चिठ्ठीचा रस्ता," लोक म्हणाले.
निवडून आलेल्यांनीही अशाच बिलांवर सह्या केल्या होत्या,
फक्त वाचून.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.
माझ्या नावाच्या चिठ्ठीचा एक कोपरा
मी बाहेर काढून ठेवला होता,
बोटाला लागेल एवढाच.
डबा मीच धरला होता, म्हणून दिसलं,
आफरीनचं बोट त्या कोपऱ्यावर आलं,
थांबलं,
आणि बाजूनं खाली गेलं.

परवा डबा बेकरीला परत द्यायचा म्हणून ओतला.
एका चिठ्ठीला अत्तराचा वास.
एकीला स्टेपलरची पिन.
एक मेणात बुडवलेली.
कोपरे काढलेल्या सोळा.
घड्या घालायला आम्ही वीसजण बसलो होतो.
त्यातले तिघे तर म्हणत होते,
आपल्याला नको बुवा ती कटकट.

दार लावून घेतलं.
एकेक कोपरा नखानं दाबून सपाट केला,
शेवटी माझा.
घडी मोडली.
वळ तसाच आहे.