पाणी पोचलं का

बेचोहून निघताना बिमुर्झमामाने
कुब्दारीचं गाठोडं मांडीवर घेतलं,
कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला,
"हळू चालव. नदीच्या आधी पोचून करायचंय काय?"

इंगुरी उजवीकडे. पूल आला, मग डावीकडे.
पाटी धुतलेल्या पाण्याचा रंग,
आणि भांडण चाललेलं, कोणाशी ते कळेना.

आमची डेलिका जपानमधून आलेली, स्टिअरिंग चुकीच्या बाजूला.
म्हणून ओव्हरटेक करताना मी नाही, मामा बघतो:
"थांब."
"जा."
"जा म्हटलं ना!"
एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या माणसाच्या भरवशावर
मी लाकडाचे तीन ट्रक मागे टाकले.

वळणावळणावर दगडात कोरलेले चेहरे,
समोर पालथे ग्लास, रंग उडालेली फुलं.
मामा हात वर करतो, पारावर बसलेल्यांना करावा तसा.
"हा प्यायलेला. हा झोपलेला.
ह्याची काही चूक नव्हती. गाय आडवी आली."

खैशीच्या पुढे नदी गप्प झाली.
घरातल्या भांडखोर माणसाने एक दिवस अचानक
"बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणावं,
आणि सगळ्यांनाच भीती वाटावी, तशी.
हिरवंनिळं, ताणून बसवलेलं पाणी.
"जुना रस्ता खाली आहे," मामा म्हणाला.
"तो जवळचा होता."

धरणावर एक शाळेची सहल आलेली.
पोरं कठड्यावरून वाकून थुंकतात नि आकडे मोजतात.
एवढी कमान, दोन डोंगरांत धरलेली,
मामा तिच्याकडे पाठ करून बसला.
"भिंत आहे ती. भिंतीत काय बघायचं?
वीज तिकडे होते."

तिकडे म्हणजे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला,
जिथे उता मशीनवर असायचा आणि मामा इथे दारांवर.
मग लढाई झाली. मधे एक रेघ आली,
रेघेवर चौकी, चौकीवर पोरसवदा शिपाई.
पाण्याला कोणी कागद विचारले नाहीत.
माणसांना विचारले.

मामाने फोन लावला. दोनदा कट झाला.
तिसऱ्यांदा घसा खाकरून,
रिटायर होऊन अकरा वर्षं झालेला माणूस
ड्युटीच्या आवाजात म्हणाला,
"पाणी पोचलं का?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.
मग गुडघे निघाले. हेझलनटचा भाव.
कोणाची तरी सून.

गाठोड्यात एक कुब्दारी वेगळी, वर्तमानपत्रात बांधलेली.
मी हात घातला तर मामाने चापट मारली.
"उताची आहे."
आणि फोन खांद्याशी दाबून
ती त्यानेच सोडली, सावकाश खाऊ लागला,
एकेक घास पलीकडे सांगत:
"कांदा बरा भाजलाय.
मांस थोडं चिवट.
मीठ... थांब,
मीठ जरा जास्तच झालंय रे."