पहिला हात

आधी काही लावायचं नाही, हिवराज म्हणाला,
आधी काढायचं.

म्हणून चैत्रातल्या सकाळी साडेसहाला,
नागपूरचं ऊन पाण्याच्या टाकीमागून वर यायच्या आत,
आम्ही दोघं भिंतीपुढे उकिडवे.
त्याच्याकडे तारेचा ब्रश, माझ्याकडे पत्र्याची पट्टी,
मध्ये बादली.
हिंगण्याच्या कारखान्यातले पोकळ ब्लॉक,
अकरा वर्षं उघडेच.
तेव्हा पैसे नव्हते,
आणि नंतर त्या बाजूला बघायची इच्छा नव्हती.

खरवडताना निघालं:
शिकवणी वर्गाच्या पोस्टरची खळ,
तीन निवडणुका, एकावर एक,
पालीची वाळकी अंडी,
आणि जमिनीपासून हातभर वर
पांढरी, पिठूळ साय.
बोट लावून चाखली. खारट.
"पाणी येऊन रायलं कुठून तरी," तो म्हणाला.
"ते आधी पाहा, बाई."

साखरेच्या पिशवीचा तुकडा कापून
चारी कडांना चिकटपट्टी मारून
त्यानं भिंतीवर डकवला. रात्रभर.
दुसऱ्या सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब,
ओळीनं,
उशिरा आलेल्या पोरांसारखे माना खाली घालून.

पलीकडे ठवकरांचा कूलर.
नवी खस, नवी मोटर,
आणि खालची नळी थेट माझ्या भिंतीच्या पायात.

माझ्या म्हणजे,
नऊ इंच कोणाचे ते ठरायचंय अजून.
तीस वर्षं भूमापन कार्यालयात
मी लोकांच्या हद्दी लावून दिल्या.
दोन भाऊ बांधावर लाल होऊन उभे असायचे,
मी म्हणायचे, सही करा, चहा गार होतोय.
स्वतःच्या नऊ इंचांपायी मात्र
चार वर्षं ठवकरबाईंना ओळख दिली नाही.
त्यांच्या सासूच्या तेरवीलाही
दार लावून बसले होते.

हिवराजला हे ठाऊक नाही.
तो थापीच्या टोकानं सांध्यांत सिमेंट दाबतोय.
दर्जा भरणं म्हणतात याला.
"पाणी थांबवा. नाईतर प्रायमर
संत्र्याच्या सालीवानी सुटून येईन."

फाटकापर्यंत गेले. परत आले.
चप्पल बदलली. पुन्हा गेले.
इतकं काही जुळवलं होतं,
निघालं फक्त: तुमची नळी.
ठवकरबाईंनी ओले हात पदराला पुसले.
"सांगायचं न मंग. काहून नाही सांगितलं?"
नळी उचलून त्यांनी
कढीपत्त्याच्या आळ्यात सोडली.
एवढंच. चहाबिहा झाला नाही.

आठ दिवस भिंत वाळू दिली.
नवव्या दिवशी डबा तळापासून ढवळला,
पाणी मापानं,
दहाच्या आत आटपायचं; तापल्या ब्लॉकवर तो धरत नाही.
पहिला हात भिंतीनं गटागटा पिऊन टाकला.
बघता बघता पुन्हा तीच, राखाडी, खडबडीत.
मी म्हटलं, वाया गेला.
"नाई जी," हिवराज ब्रश झटकत म्हणाला,
"तो आत गेला."

रंग कोणता, ते ठरलं नाही.
दुपारी पलीकडे कूलर सुरू झाला,
पाणी आता मातीत पडत होतं, आवाज जरा जाड.
मी भिंतीला तळहात लावला.
कोरडी होती,
की अजून थोडी गार,
सांगता येईना.