सातवी स्लाइड

नॉर्वेहून सहा मुलं आली आमच्या निवतीला,
तेरा दिवसांसाठी, शिकायला.
माझ्या वाट्याला रागन्हिल्ड.
हे नाव गुरुजींना आठवडाभर जमलं नाही,
येसूआतेनं पहिल्याच संध्याकाळी तिला
'रागिणी' करून टाकलं
आणि ताटात दुसरा बांगडा वाढला.

आम्हा दोघींचा विषय: किनाऱ्यावरची माणसं.
आठ स्लाइड, दहा मिनिटं,
अर्धं बोलणं तिचं, अर्धं माझं,
शनिवारी, शाळेच्या पडवीत, सरपंचांसमोर.

पहिलीवर नकाशा.
दुसरीवर रापण, दोरीला लागलेले हात.
तिनं फोटो मोठा करून खरंच मोजले.
एकोणचाळीस कसे? विषम कसे?
मी म्हटलं, तो टोकाचा गोपाळ जुगी,
त्याचा एक लाँचीच्या यारीत गेला.
तिनं लिहिलं: एकोणचाळीस.

तिसरी-चौथी मासळीची.
सौंदाळ्याला इंग्रजीत काय?
स्मॉल फिश, मी म्हटलं.
आणि पेडव्याला?
स्मॉल फिश.
ती हसली नाही.
देवनागरीच काढत बसली मग, एकेक अक्षर,
पेडव्याची मात्रा
वाऱ्यानं उडालेल्या टोपीसारखी.
पाचवीला वीज गेली. सहावीला बॅटरी.

सातवीसाठी मुलाखत.
येसूआते पाटावर, पुढ्यात कोलंबीचा ढीग.
रागन्हिल्डनं मोबाइल धरला, विचारलं,
मी मराठी केलं:
रात्री समुद्रात लांबवर शहर दिसतं, ते कुठलं?
आतेनं एका कोलंबीचं डोकं मोडलं.
दुसरीचं मोडलं.
'शहर न्हय गो ता. एलईडीवाले ते.
उजेड दाखवून पिल्लांसकट सगळा ओढून नेतत.
आमच्या रापणीत काय, शेवाळ?
मेल्यांचे दिवे इझांदेत!'

रागन्हिल्ड माझ्याकडे बघतेय.
मी शब्द शोधले, नववीच्या पुस्तकात होते तेवढे.
शी इज व्हेरी वरीड, म्हटलं.
तिनं तेच टाइप केलं.

रात्री ओट्यावर दोघी.
समोर ते शहर, जिथं गाव नाही,
दिव्यांची ओळ, सरळ, पट्टीनं आखलेली.
ती सांगत होती, तिच्या आजोबांच्या बंदरात
एका वर्षी मासा आलाच नाही.
त्यांची होडी आता एका हॉटेलात आहे,
उलटी करून तिच्यावर ग्लास ठेवतात.
मग म्हणाली,
आतेचा आवाज काळजीचा नव्हता.
मी म्हटलं, झोप, उद्या सहावी परत करायचीय.

शनिवारी वीज होती.
सरपंच होते, त्यांच्या भाच्याच्या दोन लाँची आहेत
तसल्याच, हे सगळ्यांना ठाऊक, पाहुण्यांना नाही.
मी भराभर बोलले. सातवी आली:
काळा फोटो, ठिपक्यांची ओळ,
खाली माझं वाक्य, व्हेरी वरीड.
मी ते वाचणार,
तोवर रागन्हिल्डनं बटण दाबलं
आणि स्पीकरमधून येसूआते बाहेर पडली,
सबंध, कोलंबीच्या डोक्यांसकट.

सरपंचांना ठसका लागला.
मागच्या रांगेत गोपाळनं
होता त्या हाताची थाप मांडीवर मारली
आणि मग अख्खी रापण हसली.
नॉर्वेच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?
सगळे माझ्याकडे.
मी या वेळी शब्द शोधले नाहीत.
त्यांचे दिवे विझोत, सांगितलं इंग्रजीत,
समुद्रातले. आणि आमच्यात असं म्हणतात तेव्हा
घरातलेसुद्धा.

कोणी हसलं नाही आता.
आते उठली, पदर सारखा केला.
'घरातले नको हां,' म्हणाली,
'तेंकाय पोरां हत.'
आणि बसली.

रागन्हिल्ड माझ्या कानाशी: व्हॉट? व्हॉट डिड शी से?
सांगते, म्हटलं,
आधी आठवी लाव.