रिजेक्ट माल

नव्या घरामागं, कळंब्याच्या अंगाला,
थोडी मोकळी जागा राहिली होती.
सून म्हणाली, नाना, इथं शेकोटी करू या,
चार माणसं आली की बसायला.
विस्तवातलं तुम्हालाच कळतं.

बत्तीस वर्षं शिरोलीला भट्टीपुढं काढली.
विस्तवातलं मला एवढंच कळतं
की त्याच्याकडं पाठ करायची नाही.

हायवेच्या शोरूममधल्या पोरानं टाय लावलेला.
त्यानं रिमोट दाबला:
निळ्या काचांच्या खड्यांवर
वीतभर जाळ उगवला, सगळा एका उंचीचा,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखा.
धूर नाही, राख नाही, ठिणगी नाही, सर.
मी हात धरून बघितला.
ऊब होती.
पण त्या जाळाला खायला काही नव्हतं.

दुसरा, पत्र्याचा वाडगा तीन पायांवर.
टिचकी मारली तर चहाच्या डब्यासारखा वाजला.
तिसरी दगडी, चिमणीवाली, देखणी.
विचारलं, राख कुठनं काढायची?
पोरगं कॅटलॉग चाळत राहिलं.

मुलाचं म्हणणं,
पंचगंगेचे गोटे आणू, गोल रचू, फुकटात काम.
त्याला सांगितलं, नदीचा गोटा
पोटात पाणी धरून असतो.
तापला की आधी सांगत नाही, थेट फुटतो.

चार संध्याकाळी उदबत्ती धरून
मागल्या दारात उभा राहिलो, वारा बघत.
धूर जाणार होता घोरपडेबाईंच्या दोरीवर.
म्हणून जागा दहा पावलं सरकवली,
नारळाच्या झावळ्या चुकवून.
शालन पायरीवरनं एवढंच बोलली,
"मला त्यात वांगं भाजता आलं पायजे.
बाकी तुमचं तुम्ही बघा."

मग आठवलं ते कंपनीच्या गेटावरचं.

पंपाचं केसिंग, बिडाचं, घमेल्याच्या चौपट.
एकोणनव्वद साली साचा मीच भरलेला.
वाळूत ओल राहिली.
बुडाला ब्लोहोल, अंगठा आरपार जाईल एवढं.
साहेबानं खडूनं फुली मारली,
तीन दिवसांचा पगार कापला.
फोडायला घण घातला तर घणाचा दांडा मोडला.
पडून राहिलं भंगारात,
तिथनं रात्रपाळीच्या दस्तगीरनं
लोळवत लोळवत गेटावर नेलं
आणि त्यात पेटवलं.

वीस हिवाळे, पाळी सुटली की
सगळी माणसं त्याच्याभोवती हात पसरून उभी.
मीही. फक्त एक पाऊल मागं.

आता तिथं हीटर आहे आणि ओळखपत्र बघणारा पोरगा.
स्टोअरकीपरनं काट्यावर चढवलं: एकशे चौदा किलो.
भंगाराच्या दरानं चार हजार तीनशे बत्तीस.
पावतीवर लिहिलं, रिजेक्ट माल.
कापलेले ते तीन दिवस धरले
तर मला ते दोनदा विकत पडलं.

चार विटांवर बसवलं.
बाभळीचा ढलपा, थोडं पाचट, एक काडी.
बुडाच्या भोकातनं वारा आत शिरला
आणि जाळ असा उठला
की सुनेनं खुर्ची मागं घेतली.
राख आपली आपण खाली गळत होती.
"कुठल्या कंपनीचं डिझाइन, नाना?"
मी वांगं फिरवत होतो, बोललो नाही.

जेवणं झाल्यावर मुलगा बादली घेऊन आला.
थांब म्हटलं.
तापल्या बिडावर पाणी ओतशील तर तडकंल.
त्याचं त्याला निवू दे.

शनिवारी दस्तगीर आला, काठी टेकत.
लांबनंच ओळखलं त्यानं.
"माझी शेकोटी हितं कशी आली?"
म्हटलं, तुझी कशी? ओतलीय मी.
"ओतलीस तू. पेटवली कुणी?"

वाद अजून मिटलेला नाही.
दर शनिवारी येतो, भांडायला,
आणि बसतो
अगदी जवळ, हात पुढं करून,
मला म्हणतो, अरे, एक पाऊल पुढं ये की.