अठ्ठावीस दिवस

कुटाइसीत, बसस्थानकाच्या मागे, आमचं दुकान म्हणजे
एक टेबल, एक हीटर आणि अव्तांदिलचा खोकला.
त्सिआलाबाईंनी लॅपटॉप आणला तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
मुलानं पाठवलाय, म्हणाल्या. गोचानं. पोझनानहून.
तिथे तो फ्रिजची दारं बसवतो.

"हा मला धमकी देतो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी.
परवा तीस होते, काल एकोणतीस, आज अठ्ठावीस.
पोलिश मला येत नाही, पण आकडे येतात.
लाल अक्षरांतले तर येतातच.
आधी डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, हृदय ठीक आहे."

मी हसलो नाही. घरी गेल्यावर हसलो,
आणि मग जेवण नीट गेलं नाही.

मशीन कोरं. पडद्यावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा
त्यांनी सोललेला नव्हता.
आत पाहतो तर
आयत्या बिळावर पायलीचे पन्नास नागोबा:
पत्त्यांचा डाव, पाचव्या मिनिटाला पैसे मागणारा;
एक दुकान, आणि त्या दुकानाची आठवण करून देणारा एक नोकर;
एक पहारेकरी, जो तीस दिवस फुकट भुंकतो
आणि मग पगार मागतो (अठ्ठावीस त्याचेच);
आणि एक असा, ज्याचं काम मला अकरा वर्षांत कळलेलं नाही,
पण जो सगळ्यांच्या आधी उठतो
आणि सगळ्यांपेक्षा जास्त जेवतो.

नवं घर घ्यावं, भिंतींना अजून चुन्याचा वास,
कुलूप उघडावं,
तर आत चपला काढून बसलेली माणसं.
कोण हो तुम्ही?
बांधणाऱ्यानं सांगितलं, बसा म्हणून.

उठवायला लागलो एकेकाला.
एकानं रडका चेहरा दाखवला.
एक गेला, आणि मशीन बंद करून चालू केलं
तर पुन्हा दारात, केस विंचरून.
एकानं विचारलं, का काढताय, पाचांतलं एक कारण निवडा.
'तुला बोलावलंच नव्हतं'
हे त्या पाचांत नव्हतं.

त्सिआलाबाई स्टुलावर बसून होत्या,
दुसऱ्याचा दात काढताना पाहावं तशा.

शेवटी खालची पट्टी राहिली. हवामान.
दोन अंश. धुकं.
"हेही जाईल," मी म्हटलं.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, दाबूनच.
"कुठलं धुकं हे?"
"पोझनानचं. तिथे घेतलं ना मशीन,
त्याला वाटतं, आपण अजून तिथेच आहोत."
"मग राहू दे."
"कुटाइसीचं लावून देतो की."
"कुटाइसीचं मला खिडकीतून दिसतं."

मागून अव्तांदिल खोकत म्हणाला, सर्वांत मोठा चोर तोच,
दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन घरातलं सांगून येतो.
मला माहीत होतं.
आमच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं आहे,
माझ्याच अक्षरात: आधी हवामान काढा.

त्याच्या जाहिराती काढल्या. बाहेरच्या फेऱ्या
दिवसाला एकीवर आणल्या.
धुकं तेवढं ठेवलं.
त्यांनी पैशांबरोबर हेझलनटची पिशवी ठेवली,
अर्धा किलो, थोडे किडके,
आणि अभ्रा नीट घडी घालून परत नेला.

शुक्रवारी फोन आला.
"आकडा गेला, बाबा. पण तिथे बर्फ पडतोय.
मी गोचाला म्हटलं, टोपी घाल.
तो म्हणाला, आई, तुला कसं कळलं?"
मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास,
आणि मागे कुणाच्या तरी कोंबड्या.

टेबलावर तोवर दुसरं मशीन होतं, एका कॉलेजच्या पोराचं.
खाली तीच पट्टी. रॉटरडॅम, पाऊस.
"उडव," पोरगा म्हणाला.
खात्री आहे का, मशीननं विचारलं.
हो दाबलं मी.
जरा उशिरानं.