अंगठा

अम्मा सही शिकली ती बिडीच्या पानावर.
कोऱ्या कागदाची तिला भीती वाटायची,
तेंदूचं पान ओळखीचं.
मापाने कापून उरलेल्या तुकड्यांवर
कैचीच्या टोकाने कोरायची:
सत्यव्वा नागनाथ कोडम.
'व्व'पाशी पान नेहमी फाटायचं.

मी तेव्हा सातवीत. गटाची वही माझ्याकडे,
कारण तेरा जणींत लिहिता येणारी एकही नव्हती.
शनिवारी कारखान्यातून मजुरी घेऊन आल्या
की दत्तनगरच्या बोळात, नरसम्माच्या ओट्यावर बसायच्या,
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा.
बोटं थांबत नसत.
बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी,
हुरमतबी आली की त्यात तिसरं.
मी नाव पुकारायचे, पैसे कंपासपेटीत पडायचे.
वीस. वीस. वीस.
राजमणी? पुढच्या शनिवारी.
राजमणी? पुढच्या शनिवारी.
तिच्या नावापुढे मी पेन्सिलने बाकी मांडायचे.
नरसम्माने बजावलं होतं, "तिची शाईनं नको गं."

पहिलं कर्ज अंबूबाईने मागितलं.
फॉर्मवर 'कारण' असा रकाना.
बँकेची बाई म्हणाली, शेळी लिहा, शिलाई मशीन लिहा.
मी लिहिलं, कडक भाकरीचा व्यवसाय.
खरं कारण चष्मे होते.
चौघींना दोरा दिसेनासा झाला होता,
हजारातल्या साठ-सत्तर बिड्या चेकर छाटायचा.
छाटलेल्यांचे पैसे नाहीत,
आणि त्या बिड्या परतही नाहीत.
नवी पेठेतून चार चष्मे आले.
पंधरा दिवसांत छाट विसावर.
अंबूबाईने चष्म्यातून आधी स्वतःची भिंत बघितली,
"एवढी घाण होती? सांगायचं नाही का बे कुणी?"

कुणी विचारलं, गरिबी गेली का,
तर मी काय सांगू?
नरसम्माच्या घरात फरशी आली.
हुरमतबीची थोरली नर्सिंगला गेली.
अंबूबाईचा नवरा तिचे हप्ते पिऊन गेला,
ते बाकीच्यांनी भरले, आणि महिनाभर
बोळातून जाताना त्याला नावाने मोजलं:
"हा बघा, आमचे साडेचारशे चालले."

मग बँकेत यंत्र आलं.
अंगठा ठेवा.
अम्मा ऐटीत म्हणाली, "मला सही येते."
सही नको आजी, अंगठा.
लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
नळाखाली धुऊन. लाल.
चाळीस वर्षं पान वळवून वळवून
रेषा निघून गेल्या होत्या,
जुन्या चाराण्यावरचे सिंह जातात तशा.
यंत्राच्या लेखी तिथे कुणी उभंच नव्हतं.
मागे हुरमतबी, लाल. राजमणी, लाल.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, रात्री क्रीम लावत जा.

नरसम्मा काही बोलली नाही.
पिशवीतून वह्या काढल्या, अकरा वर्षांच्या,
आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या.
प्रत्येक शनिवारी तेरा सह्या.
'व्व'पाशी कागद चिरलेला, वर्षागणिक कमी.
त्याने बराच वेळ पानं उलटली.
"ही पेन्सिलवाली कोण?"
"आमचीच आहे."
"हिचे पैसे?"
"येतील."
त्या दिवशी काही मिळालं नाही.
डोळे वाचणारं यंत्र यायला तीन आठवडे लागले.
तिथे अंबूबाईला म्हणाले, चष्मा काढा.
तिने काढला, पण हातातून सोडला नाही.

राजमणी आली ती गड्ड्याची जत्रा उठल्यावर.
तिथे महिनाभर भजी तळली होती,
नोटांना तेलाचा वास.
सगळी बाकी एकदम, वर वीस जास्तीचे.
मी खोडरबर शोधू लागले, सापडेना.
अम्माने वही ओढली
आणि पेन्सिलीवरून अंगठा फिरवला,
गुळगुळीत, पुन्हा पुन्हा,
आकडे जाईपर्यंत.

थोडा राखाडी डाग उरला आहे.
शाईने लिहिताना मी त्याच्या बाजूने लिहिलं.